१ लाख ७४ हजार माईल झालेली प्रियस घ्यावी का? (आणि घेतल्यानंतरची खटपट)

अनघा_ट्रेसी | २ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. आम्ही मागच्या वर्षी सॅन होजे सोडून ट्रेसीला आलो, घरांचे भाव झेपेनात म्हणून, आणि आता मला आठवड्यातून चार दिवस अल्टामाँटचा घाट ओलांडून फ्रीमाँटला जावं लागतं, जाऊन-येऊन ८० माईल. सध्याची जुनी एसयूव्ही गॅलनला १९ माईलच्या वर देत नाही, म्हणजे आठवड्याला १७ गॅलन नुसते कामावर जाण्यात जातात. प्रियस म्हणजे टोयोटाची पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड, तिला ४६ धरले तरी ७ गॅलनमध्ये काम होतं, म्हणून डोक्यात तीच गाडी बसली आहे. बजेट ७,००० डॉलर, त्यातच डीएमव्हीचा (म्हणजे इथल्या आरटीओचा) टॅक्स वगैरे. लिव्हरमोरला एक २०१२ ची दिसली आहे, १ लाख ७४ हजार माईल, दुसरा मालक, टायटल (मालकीचा कागद) क्लीन, ६,९०० मागतोय.

नवरा म्हणतो बॅटरी गेली की तीन हजारांचा फटका, मग वाचवलं काय? मला गाड्यांतलं फारसं कळत नाही पण शिकायची तयारी आहे. कोणी इतकी पळालेली हायब्रिड घेतली आहे का, घेताना काय बघायचं?

सांगलीकर | २ नोव्हेंबर, रात्री ११:१५

अनघाताई, नका घेऊ असंच सांगेन. माझ्या रूममेटची २०१० ची होती, १ लाख ४० हजारला बॅटरी गेली. एका गॅरेजवाल्याने ९०० डॉलरमध्ये रिकंडिशन करून दिली, सात महिन्यांत डॅशबोर्डवर परत तोच इशाऱ्याचा लाल त्रिकोण. मग परत तीनशे, परत चार महिने, शेवटी गाडी भंगारात. त्यापेक्षा साधी कोरोला बघा, ३२-३४ देते आणि डोक्याला ताप नाही.

पाना_पक्कड | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

अनघा, मी सॅक्रामेंटोला असतो, घरी दोन प्रियस आहेत, २००७ ची २ लाख ६१ हजारवर आणि २०११ ची २ लाख ३० हजारवर, दोन्हींची कामं घरच्या ड्राइव्हवेमध्ये मीच करतो. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं वाच.

आधी बॅटरीचं, कारण सगळे तिलाच घाबरतात. मागच्या सीटमागे निकेल मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल एका ओळीत बसवलेले असतात, एक मॉड्यूल ७.२ व्होल्टचं, सगळे मिळून २०१.६ व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर दोन-दोन मॉड्यूलची जोडी धरून १४ ब्लॉक मोजतो. एका मॉड्यूलमधला एक सेल मेला की तो ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एकदम व्होल्टभर खाली जातो आणि मग पी०ए८० म्हणजे बॅटरी बदला असा कोड येतो. सांगलीकरांच्या रूममेटचं जे झालं ते का झालं सांगतो, रिकंडिशनवाले बहुतेक मेलेलं एक मॉड्यूल काढून दुसऱ्या जुन्या बॅटरीतलं त्यातल्या त्यात बरं मॉड्यूल घालतात. उरलेले २७ तितकेच म्हातारे, पाठोपाठ त्यातलं एक जातं. म्हणून बॅटरी बदलायची तर सगळी नवी घालायची, नाहीतर गाडी तशीच विकायची, मधला मार्ग महागात पडतो. आणि २०१२ च्या गाडीला आता कंपनीची वॉरंटी उरलेली नाही, कॅलिफोर्नियात ती १० वर्षं किंवा दीड लाख माईल होती, दोन्ही उलटलं.

पण चांगली गोष्ट अशी की बॅटरी घ्यायच्या आधी मोजता येते. वीस-तीस डॉलरचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्याचे कोड-आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घे, फोनवर डॉक्टर प्रियस नावाचं ॲप घे, गाडी चालवताना चौदाही ब्लॉकचे व्होल्टेज समोर दिसतात. चढावर जोर लावलेला असताना सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यात ०.३ च्या आसपास फरक असेल तर बॅटरीची तब्येत ठीक समजायची, एक व्होल्ट दिसला तर हात जोडून निघायचं. मोजलेलं असलं की घाबरायचं कारण राहत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. २०१० ते २०१५ या तिसऱ्या पिढीच्या गाडीत जीव घेते ती बॅटरी नाही, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील. या १.८ लिटरच्या इंजिनात ईजीआर म्हणजे जळालेल्या वायूचा थोडा भाग थंड करून परत इंजिनात सोडायची सोय आहे, त्याचा कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधली) बारीक भोकं काजळीने बुजत जातात. थंड वायू येणं कमी झालं की आतलं तापमान चढतं, आणि भोकं सारखी बुजत नाहीत त्यामुळे एखादा सिलिंडर जास्तच तापतो. वर्षानुवर्षं असं चाललं की गॅस्केट सोडते, असं या गाड्यांवर काम करणारे बहुतेक जण मानतात आणि माझाही अनुभव तोच. मग रात्रभर थेंब थेंब कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) सिलिंडरमध्ये झिरपतो, सकाळी स्टार्ट केली की पाच-दहा सेकंद गाडी खडखड हलते, जणू कोणी धरून हलवतंय. तेवढी कळ सोसून गाडी सुरळीत चालते, दिवसभर काही नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि एक दिवस सिलिंडरमध्ये इतकं पाणी साठतं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून गाडी बघायची ती थंड. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांग की मी सकाळी येते, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागलं तर कारण काहीही सांगू दे, परत ये.

निलेश_एम | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

पाना_पक्कड यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, कारण हे माझ्यावरून गेलंय. माझी २०१० ची, १ लाख ९८ हजारला सकाळी हलायला लागली. एका गॅरेजने कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या) बदलल्या, साडेचारशे डॉलर. परत हलली, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. कूलंटची पातळी दर महिन्याला थोडी खाली जायची, मी दर वेळी वर ओतत होतो, कोणी त्याचा आणि हलण्याचा संबंध जोडला नाही, मीही नाही. शेवटी एका गुजराती काकांच्या छोट्या गॅरेजमध्ये गेलो, त्यांनी कॅमेरा आत घालून दाखवलं, तीन पिस्टन काळे आणि एक चकचकीत, वाफेने धुतल्यासारखा. २,६०० डॉलरमध्ये गॅस्केट आणि ईजीआर सफाई, पण तोपर्यंत हजारभर आधीच वाया गेले होते. ते पैसे आजही मनाला लागतात.

अनघाताई मी फ्रीमाँटलाच असतो, बोरोस्कोप म्हणजे इंजिनात घालायचा तसला कॅमेरा घेतलाय तेव्हापासून, लागला तर सांगा.

सुलभा | ३ नोव्हेंबर, सायं ७:५०

आणखी एक, गाडीखाली वाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) जागेवर आहे ना बघ. आमची ओकलंडला रस्त्यावर लावलेली होती, रात्रीत कापून नेला, सकाळी चालू केली तर रणगाड्यासारखा आवाज. प्रियसचे फार चोरतात कारण इंजिन कमी वेळ चालतं त्यामुळे आतले मौल्यवान धातू शाबूत राहतात. आणि कॅलिफोर्नियात स्वस्तातला कुठलाही बसवून चालत नाही, राज्याची मान्यता असलेलाच लागतो, नाहीतर स्मॉग टेस्टला (धुराच्या प्रदूषण तपासणीला) पास होत नाही. गाडी घेतलीस तर पहिल्या आठवड्यात खाली ॲल्युमिनियमची ढाल बसवून घे.

पाना_पक्कड | ३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सुलभाताईंचं बरोबर. स्मॉगवरून आठवलं, कॅलिफोर्नियात इतक्या जुन्या गाडीचं स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ते ९० दिवसांच्या आतलं लागतं. ते माग. त्याचा दुसरा उपयोग असा की ज्याने कालच कोड पुसलेत त्याची गाडी टेस्टला बसतच नाही, कॉम्प्युटरच्या अंतर्गत तपासण्या पूर्ण झालेल्या नसतात. तुझ्या डोंगलवरही ते दिसतं, मॉनिटर ‘नॉट रेडी’ दिसले तर समज कोणीतरी नुकतंच काही झाकलंय. ब्रेकचंही बघ, गाडी उभी असताना पंपाचा घुर्र आवाज ऐक. दार उघडल्यावर तीन-चार सेकंद येतो ते ठीक, पण ब्रेकला पाय न लावता दर थोड्या सेकंदांनी येत राहिला तर आतून दाब गळतोय, आणि ब्रेकला दाब देणारा तो ॲक्चुएटर बॅटरीइतकाच महाग आहे.

आणि व्हीआयएन (गाडीचा चॅसिस नंबर) एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाक, रिकॉलचं काम राहिलंय का ते कळतं. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाच्या) सॉफ्टवेअरसाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या आणि २०१८ मध्ये परत एकदा. ते काम राहिलं असेल तर डीलर फुकट करून देतो.

अनघा_ट्रेसी | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

लिव्हरमोरची बघून आले आणि सोडून आले. सकाळी आठची वेळ ठरली होती, पाऊण तास आधी पोचले, बॉनेट गरम. म्हणाला, मुलाला शाळेत सोडून आलो. शनिवार होता. मी एक शब्द न बोलता निघाले, गाडीत बसल्यावर मात्र हात थरथरत होते, कारण गाडी दिसायला इतकी सुंदर होती की हात लावला नसता तर मी घेतलीच असती. पानादादा, मनापासून धन्यवाद.

आता मॉडेस्टोला एक आहे, तीही २०१२, १ लाख ७४ हजार ३००, म्हणजे योगायोगाने तेवढीच. एका वयस्कर जोडप्याची, तेल बदलल्याच्या सगळ्या पावत्या आहेत, ६,२०० म्हणतात. मागच्या सीटवर कुत्रा बसायचा.

पाना_पक्कड | ९ नोव्हेंबर, सायं ५:४५

कुत्रा महत्त्वाचा! बॅटरी थंड ठेवायचा पंखा मागच्या सीटशेजारच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढतो, उजव्या बाजूला. कुत्र्याचे केस आत जाऊन पंखा चोंदतो आणि बॅटरी तापून लवकर मरते. जाळी काढून बघ, आत नमदा झालेला असेल तर बॅटरीचे आकडे दुप्पट काळजीने घे.

अनघा_ट्रेसी | १० नोव्हेंबर, रात्री ९:००

घेतली!! ५,८५० ला.

सविस्तर सांगते. सकाळी सातला पोचलो, धुकं इतकं की हायवे ९९ वर समोरच्या गाडीचे दिवे दिसत नव्हते. आजोबांनी आदल्या दिवशीपासून गाडीला हात लावला नव्हता, बॉनेटवर दव होतं. स्टार्ट केली, हलली नाही. कूलंट गुलाबी, दोन्ही टाक्यांत रेषांच्या मध्ये, इंजिनचीही आणि इन्व्हर्टरचीही. स्मॉग बारा दिवसांपूर्वीचं, मॉनिटर सगळे रेडी, रिकॉलची कामं झालेली. मग डोंगल लावून हायवेवर नेली, पूर्ण जोर दिला तेव्हा ब्लॉकमधला फरक ०.३४ दिसला. जाळीत केस होते पण पंख्यापर्यंत पोचलेले नव्हते, आजी दर महिन्याला व्हॅक्यूम मारायच्या. त्यांनी किल्ली देताना डॅशबोर्डवरून हात फिरवला ते बघून मलाच भरून आलं.

स्पार्क प्लग मात्र कधी बदललेले नाहीत, ईजीआर कधी उघडलेला नाही, म्हणून साडेतीनशे कमी केले.

सांगलीकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

अभिनंदन ताई! मी नको म्हणालो होतो पण तुम्ही जसं तपासून घेतलंत ते वाचून माझंही मत बदलायला लागलंय. चालवल्यावर लिहा.

अनघा_ट्रेसी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

एक आठवडा झाला, ४७.२ पडतंय. एक घाबरवणारी गोष्ट, अल्टामाँट उतरताना अर्ध्या उतारावर इंजिन एकदम जोरात ओरडायला लागतं, पाय तर ॲक्सिलरेटरवर नसतो. बॅटरीच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात तेव्हाच होतं. हे काय आहे?

निलेश_एम | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

हे अगदी नॉर्मल आहे, निर्धास्त राहा. उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते, भरली की आणखी वीज ठेवायला जागा नाही, म्हणून गाडी पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवते आणि जास्तीची ताकद तिथे घालवते. लांब उतारावर स्वतःहून गिअर बी (इंजिन ब्रेक) वर टाकलात तरी तोच आवाज येईल, ब्रेक पॅड वाचतात.

ओंकार_पुणे | १९ नोव्हेंबर

धागा फार उपयोगी आहे. मी पुण्यात सेकंड हँड हायरायडर हायब्रिड बघतोय, ७२ हजार किमी झालेत. हे सगळं तिलाही लागू होतं का?

पाना_पक्कड | १९ नोव्हेंबर, रात्री ८:००

ओंकार, तत्त्व तेच, तपशील वेगळे. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आल्या, त्यांत तीन सिलिंडरचं १.५ लिटर इंजिन आणि लिथियम आयन बॅटरी आहे. भारतात त्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी, म्हणजे किमीच्या हिशेबाने तुझ्याकडे अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, फक्त ती तुझ्या नावावर चालू राहते ना आणि सगळी सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी झालीये ना हे सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन आधी लेखी विचारून घे. पाण्यातून गेलेली गाडी नाही ना ते मात्र फार बारकाईने बघ, पावसाळ्यानंतर बाजारात येणाऱ्या गाड्यांत हायब्रिड असेल तर धोका साध्या गाडीपेक्षा मोठा. डिकीचं कार्पेट उचल, बोल्टवर गंज बघ, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर मातीची रेघ आहे का बघ. थंड इंजिनवर पहिला स्टार्ट स्वतःच्या कानाने ऐकायचा हे तिथेही तसंच.

अनघा_ट्रेसी | १७ डिसेंबर, सकाळी ८:२०

ज्याची भीती होती तेच झालं. आज सकाळी ३५ डिग्री होतं (फॅरनहाइट), गाडी चालू केली, मागे घेतली, इंजिन सुरू झालं आणि सहा-सात सेकंद अख्खी गाडी हलली. मग एकदम शांत. चेक इंजिन लागलं नाही पण डोंगलवर पेंडिंगमध्ये पी०३०१ दिसतोय. मी ऑफिसला न जाता घरीच बसले आहे. पाच आठवड्यांत गॅस्केट गेली का? इतकं सगळं बघून घेतलं होतं हो.

पाना_पक्कड | १७ डिसेंबर, सकाळी ८:४५

अनघा, आधी श्वास घे. हललं म्हणजे गॅस्केटच असं नाही. पी०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढंच तो सांगतो, का ते सांगत नाही. कारण शोधायचं ते क्रमाने, एका वेळी एक, आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवायचं. निलेशचे हजार डॉलर क्रम चुकल्यामुळे गेले.

आजच कर, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीच्या बरोबर वर मास्किंग टेप लाव, तारीख आणि माईल लिही. रोज सकाळी गाडी त्याच जागी, त्याच सपाटीवर, थंड असतानाच बघायचं, गरम असताना पातळी वर दिसते आणि फसवते, आणि गरम असताना झाकण तर अजिबात उघडायचं नाही. दुसरं, एक नंबरची इग्निशन कॉइल आणि तीन नंबरची कॉइल अदलाबदल कर, एक-एक बोल्ट असतो, दहा मिनिटांचं काम. पुढच्या वेळी कोड पी०३०३ आला तर दोष कॉइलमध्ये, पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. नवीन काहीही विकत घेऊ नकोस अजून. फक्त प्लग घे, ते १ लाख २० हजारला बदलायचे असतात, तुझे पावणेदोन लाखांवर गेलेत, ते तसेही हवेतच.

चालवताना चेक इंजिन लुकलुकायला लागलं तर मात्र बाजूला घेऊन बंद कर, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतं. तसं नसेल तर जपून वापरायला हरकत नाही.

अनघा_ट्रेसी | २८ डिसेंबर, रात्री ८:३०

अकरा दिवसांची नोंद: कूलंट टेपच्या खाली गेला नाही, केसभरसुद्धा नाही. कॉइलची अदलाबदल केल्यावर तीन वेळा हलली, तिन्ही वेळा पी०३०१ च, म्हणजे कॉइल ठीक. नवीन प्लग घातले (यूट्यूब बघून मी स्वतः घातले, टॉर्क रेंच शेजारच्यांकडून आणला), जुन्यांची टोकं झिजून गेली होती. त्यानंतर हलणं कमी झालं पण गेलं नाही, आणि हलते ती फक्त दमट, धुक्याच्या सकाळी. कोरड्या थंडीत नाही.

पाना_पक्कड | २८ डिसेंबर, रात्री ९:१०

हे शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. गॅस्केट हवा बघून गळत नाही. मला वाटतंय इनटेक मॅनिफोल्डमध्ये पाणी साठतंय, इंजिनातून परत येणाऱ्या वाफा थंड होऊन त्याच्या तळाशी जमतात आणि स्टार्टला सिलिंडर ते गिळतो. पण वाटण्यावर जायचं नाही. निलेश, बोरोस्कोप घेऊन शनिवारी ट्रेसीला येतोस का? मी सॅक्रामेंटोहून येतो, ईजीआर तसाही उघडायचाच आहे, एकाच दिवसात सगळं करू. अनघा, ईजीआर कूलर आणि मॅनिफोल्डची नवीन गॅस्केटं, गुलाबी कूलंटचा एक गॅलन, थ्रॉटल बॉडी क्लीनरचे दोन डबे आणि बादलीभर डिग्रीझर आणून ठेव. १२ व्होल्टची बॅटरी मागे डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे, तिची निगेटिव्ह सोडून काम करू. नारिंगी (हाय व्होल्टेजची) वायर कुठेही दिसली तरी तिला कोणी हात लावायचा नाही, या कामात तशी गरजच पडत नाही.

निलेश_एम | २८ डिसेंबर, रात्री ९:२५

येतो. सकाळी साडेसातला पोचतो.

निलेश_एम | ४ जानेवारी, रात्री ११:००

आजचा वृत्तांत, अनघाताई दमल्यात म्हणून मी लिहितो.

गाडी आदल्या संध्याकाळपासून थंड. पानादादांनी कूलंटच्या यंत्रणेत हातपंपाने दाब भरून ठेवायला सांगितला होता, तो रात्री ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी भरला, सकाळी काटा जागचा हलला नव्हता. प्लग काढून चारही भोकांतून कॅमेरा घातला, चारही पिस्टन काजळीने काळे, एकही धुतलेला नाही, थेंब नाही. माझ्या गाडीत जे दिसलं होतं ते मी विसरू शकत नाही, हे त्यापेक्षा पूर्ण वेगळं होतं. गॅस्केट शाबूत! ताई तिथेच खाली बसल्या.

मग वायपर आणि त्याखालचं पत्र्याचं तसराळं काढलं, कारण ईजीआर कूलर इंजिनाच्या मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला अडकलेला असतो आणि वरून हात पोचत नाही. मागचे नट काढायला तास गेला, एक खाली पडला तो चुंबकाने काढला. कूलर काढून उन्हाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसेना, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पूर्ण काळी. डिग्रीझरमध्ये तीन वेळा भिजवला, पाण्याच्या पाइपने धुतला, चौथ्यांदा आरपार उजेड दिसला. मॅनिफोल्डच्या चार बारीक भोकांपैकी एक नंबरचं पूर्ण बंद, दोन नंबरचं अर्धं, बाकी दोन बरी. आणि मॅनिफोल्डच्या तळाला दोन-तीन चमचे दुधाळ पाणी, तेल मिसळलेलं. दादांचा अंदाज तंतोतंत.

मधल्या वेळात ताईंच्या सासूबाईंनी थालीपीठ आणि लोणी दिलं त्याशिवाय हे काम झालं नसतं. संध्याकाळी पाच वाजता कूलंट भरून हवा काढून स्टार्ट केली. एकूण खर्च १४० डॉलरच्या आत.

पाना_पक्कड | ५ जानेवारी, सकाळी ६:४०

दोन गोष्टी जोडतो. एक, हे काम दर ५०-६० हजार माईलला करायचंच, आता कसं करायचं ते तुम्हाला माहीत आहे. दोन, तुझा पाण्याचा पंप मूळचा आहे. या गाडीत तो पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो, आणि थकला तरी बाहेरून कळत नाही, एकदम कोड येतो आणि तोवर इंजिन तापलेलं असतं. अल्टामाँटसारखा चढ रोज असेल तर उन्हाळ्याआधी बदलून टाक. आत्ता वाचवलेली गॅस्केट जूनमध्ये घालवायची नाही.

ट्रान्सॲक्सलचं (या गाडीच्या गिअरबॉक्सचं) तेलही कोणी बदललेलं दिसत नाही पावत्यांत. टोयोटाचं डब्ल्यूएस तेल, साडेतीन-चार क्वार्ट, खालचा बोल्ट काढायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो ना ते बघ, नाहीतर तेल काढून बसशील आणि भरायला वाट नाही.

अनघा_ट्रेसी | २ मार्च, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय, माफ करा. जानेवारी-फेब्रुवारीत दाट धुक्याच्या अकरा सकाळी नोंदवल्या, एकदाही हलली नाही. कूलंटची टेप अजून तशीच आहे, काढावीशी वाटत नाही. पंप बदलला (लिव्हरमोरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये, ४१० लागले), ट्रान्सॲक्सलचं तेल नवऱ्याने आणि मी मिळून बदललं. आता मायलेज ४८.१, गाडी १ लाख ७९ हजारवर.

एक प्रश्न, तेल १,२०० माईलमध्ये साधारण पाव क्वार्ट कमी झालेलं दिसतं. हे जास्त आहे का?

पाना_पक्कड | २ मार्च, रात्री १०:०५

या वयात ठीक आहे, काळजी नको. या इंजिनांच्या पिस्टन रिंगा पुढे जास्त तेल प्यायला लागतात, म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघ आणि ५,००० माईलला ०डब्ल्यू-२० इंजिन तेल बदल, १०,००० ची वाट बघू नकोस. १,२०० माईलला पूर्ण क्वार्ट जायला लागलं तर इथे लिही.

सांगलीकर | ३ मार्च, सकाळी ७:३०

अनघाताई, मी एक २०१४ ची बघतोय, मँटिकाला, १ लाख ५१ हजार, ७,४०० म्हणतोय. मालकाशी रविवारचं ठरवलंय. मला एकट्याला जायचा धीर होत नाहीये, तुमच्याकडे तो डोंगल मिळेल का?

अनघा_ट्रेसी | ३ मार्च, सकाळी ७:५५

डोंगल कशाला, मीच येते, मँटिका आमच्यापासून वीस मिनिटांवर आहे. मालकाला शनिवारी रात्रीच मेसेज कर की सकाळी सातला येतोय, तोपर्यंत गाडी चालू करू नका. आणि तू पोचलास तरी मी येईपर्यंत स्टार्ट करू देऊ नकोस, बॉनेटवर हात ठेवून उभा राहा.